भाडोत्री पाळक

माझ्या बायकोचं म्हणणं असं, की मी एका देवावर विश्वास ठेवतो आणि तिथेच थांबतो. ती हे कौतुकाने म्हणत नाही. टोकियोतल्या निशी-कसाई भागातल्या आमच्या इमारतीत लिफ्टमध्ये शेजारचा म्हातारा माझ्याकडे बघून हसला, की घरी येऊन मी विचारतो, आज का हसला असेल? आपलं कचऱ्याचं काही चुकलं का? प्लास्टिकच्या दिवशी काच तर नाही ना टाकली? ती भाजी चिरता चिरता म्हणते, "अहो, माणूस हसला. हसतात माणसं." हसत असतील. पण उगाच हसणारी माणसं मी आयुष्यात फार थोडी पाहिली आहेत.

हा स्वभाव काही आभाळातून पडला नाही. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. आडनाव चारचौघांसारखं मराठी, बोलणं चारचौघांसारखं, जेवणात ठेचा चारचौघांपेक्षा थोडा जास्तच. त्यामुळे पहिल्या भेटीत लोक आमच्याशी अगदी घरच्यासारखं बोलतात. दुसऱ्या भेटीत पूर्ण नाव कळतं. तिसऱ्या भेटीत ते शब्द तोलून वापरतात. ही तिसरी भेट मला शाळेत भेटली, पुण्यातल्या पहिल्या नोकरीत भेटली आणि विमानात बसून इथे टोकियोलाही आली. आमच्या मराठी मंडळात कोणी माझ्याशी वाईट वागलं, असं म्हणालो तर माझी जीभ झडेल. नाताळच्या करंज्या सगळे मागून खातात. पण मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी धर्मांतराबद्दल काहीतरी पुढे ढकलतो, मग त्याला मी ग्रुपमध्ये असल्याची आठवण होते, आणि तो मजकूर पुसून टाकतो. मजकूर पुसल्याची ओळ तेवढी मागे उरते. ती ओळ मी मूळ मजकुरापेक्षा जास्त वेळ वाचत बसतो.

सांगायचं आहे ते आमच्या लेकीच्या लग्नाबद्दल. ती एकुलती एक. इथे आलो तेव्हा ती बालवाडीत होती, त्यामुळे मराठीत प्रश्न विचारला की उत्तर जपानीत येतं आणि रागावली की इंग्रजीत. मागच्या वर्षी एका रविवारी जेवताना तिने सांगितलं, "पप्पा, मी लग्न करतेय." मुलगा तिच्या ऑफिसातला, जपानी. त्याला आम्ही दोन-तीनदा पाहिलं होतं. दर वेळी तो इतका वाकून नमस्कार करायचा की त्याचा चेहरा मला नीट पाहताच आला नव्हता. मी घास गिळला आणि विचारलं, "लग्न कुठे?"

"चॅपलमध्ये."

खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं परक्या देशात, रविवारच्या उपासनेला येताना ही पोरगी कानात इअरफोन घालून यायची, आणि शेवटी बुद्धी झाली, असं वाटलं. बायकोने माझ्याकडे सावधपणे बघितलं. तिला पुढचं माहीत होतं.

पुढचं असं, की ते चॅपल म्हणजे लग्नाच्या हॉलचा एक भाग. कोतो वॉर्डात, खाडीच्या बाजूला. इथे जपानी लोकांना, ज्यांचा ख्रिस्ती धर्माशी काडीचा संबंध नाही त्यांनाही, पांढरा झगा घालून, ऑर्गनच्या सुरात, क्रॉससमोर लग्न करायची हौस आहे. आम्ही नगरला चर्चला देऊळच म्हणतो. तर हे काचेचं देऊळ. आत बाकं आहेत, वेदी आहे, उंच क्रॉस आहे. रविवारी मात्र उपासना नसते, कारण रविवारी लग्नांची गर्दी असते. आणि पाळकही हॉलचाच. फुलं, केक, फोटोवाला, पाळक. तो पाळक गोरा असला की लोकांना बरं वाटतं. बाकी तो आठवडाभर काय करतो, इंग्रजी शिकवतो की दारू विकतो, हे कोणी विचारत नाही. मोलाने राखणारा गडी लांडगा दिसला की मेंढरं टाकून पळतो, हे आम्हाला रविवारच्या शाळेपासून ठाऊक. आणि इथे तर गड्याला मेंढरं कुठली तेही माहीत नाही.

मी म्हटलं, आपले पाळकसाहेब आहेत ना. आमच्या मंडळीचे, म्हणजे इथल्या आमच्या चर्चचे, पाळक जपानी आहेत, म्हातारे, हळू बोलणारे, तिला लहानपणापासून ओळखणारे. लेक म्हणाली, हॉलला बाहेरचा पाळक चालत नाही, तसा नियमच आहे. मग आधी आपल्या मंडळीत आशीर्वाद घेऊ, मी म्हटलं. ती म्हणाली, "दोनदा लग्न? नाही. मला एकदाच करायचंय." आणि कायद्याने तर ते आधीच वॉर्ड ऑफिसात कागद देऊन नवरा-बायको होणार होते. म्हणजे वॉर्ड ऑफिसात लग्न आणि देवासमोर वरातीमागून घोडं! तेही भाड्याचं.

माझं मागणं मोठं नव्हतं. जेवण काय आहे, झगा कुठला आहे, मुलाकडची किती माणसं येणार आहेत, यात मी तोंड घातलं नाही. मला फक्त एवढं हवं होतं, की माझ्या पोरीचं लग्न देवासमोर झालं असं मला मनापासून म्हणता यावं. फोटोपुरतं नको. नाटक नको. बायको म्हणाली, "देव काय तुमच्या परवानगीने येतो का हॉलात?"

मुलाबद्दलही माझं मन साफ नव्हतं. हे त्याला कळलं असावं, म्हणून एका शनिवारी सकाळी तो नदीकाठच्या मैदानावर आला. तिथे आमची मराठी मंडळी क्रिकेट खेळतात. गुडघे गेल्यापासून मी अंपायर आहे. संशयी माणसाला अंपायर करू नये असं सगळे म्हणतात आणि दर वेळी मलाच उभं करतात, कारण मी कोणाच्याच बाजूचा नसतो. मुलगा बेसबॉलवर वाढलेला. त्याचे वडील शाळेच्या संघाला शिकवायचे. त्याच्या हातात बॅट दिली तर त्याने ती खांद्यावर घेतली. पहिलाच चेंडू त्याने असा हाणला की नदीच्या बांधावर चाललेली सायकल थांबली. आणि मग त्याने बॅट जमिनीवर टाकली आणि बेसबॉलमध्ये पळतात तसा तिरकाच पळत सुटला. सगळे पोट धरून हसले. चूक लक्षात आल्यावर तो परत आला, त्याने बॅट दोन्ही हातांनी उचलली, तिच्यावरची माती पुसली आणि तिला वाकून नमस्कार केला.

बॅटची क्षमा मागणारा माणूस एक तर फार चांगला असतो, नाही तर बायकोचा बाप बघतोय हे त्याला माहीत असतं. माझा निकाल होईना.

थोड्या वेळाने चेंडू त्याच्या पॅडवर आदळला आणि सगळ्यांनी एकदम अपील केलं. संशयाचा फायदा फलंदाजाला, हा क्रिकेटमधला एकच नियम मला कधी पटलेला नाही. मी बोट वर केलं. मुलगा मला वाकून नमस्कार करून बाहेर गेला. आमचा कॅप्टन, पुण्याचा, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, बॅटला लागला होता. आवाज आला की."

परत येताना ट्रेनमध्ये मी मुलाला विचारलं, बॅटला लागला होता का? तो म्हणाला, "ओतोसानने आउट दिलं." जपानीत बापाला ओतोसान म्हणतात, मला तो तेव्हापासूनच तसं म्हणायला लागला होता. मी पुन्हा विचारलं, लागला होता की नाही? त्याने फक्त मान खाली घातली. अंपायरशी वाद घालायचा नाही असं त्याला शाळेपासून शिकवलेलं. पण मला त्यातही पाणी मुरल्यासारखं वाटलं. आज आउट दिल्यावर गप्प बसणारा माणूस उद्या घरात भांडण झाल्यावर काय करेल? बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुमच्यासारखा बोलत तरी बसणार नाही."

त्याच शनिवारी दुपारी मी नेहमीसारखा मेट्रोने चार स्टेशनं पुढे, ग्योतोकुला गेलो. ही माझी खाजगी चैन. स्टेशनच्या मागे एका जुन्या कॉफीच्या दुकानात म्हातारे जपानी गृहस्थ जमतात आणि अमेरिकन कंट्री गाणी गातात. निवृत्त बँकवाले, एक दाताचा डॉक्टर, एक बांधकामवाला. डोक्यावर मोठ्या काठाच्या टोप्या, पायात चकचकीत बूट, आणि मांडीवर आडवी ठेवून वाजवायची ती स्टील गिटार. मला ही गाणी लहानपणापासून पाठ आहेत. माझे वडील नगरला शाळामास्तर. रविवारी उपासनेहून आलं की जेवण होईपर्यंत टेपरेकॉर्डरवर एका अमेरिकन गायकाची कॅसेट लागायची. मखमली आवाज, संथ चाल, येशूची गाणी आणि मधेच एखादं विरहाचं. महाराष्ट्रातल्या किती ख्रिस्ती घरांत त्याच्या आवाजात रविवारचं मटण शिजलं, हे त्या बिचाऱ्याला मरेपर्यंत कळलं नसणार.

मात्र ग्योतोकुतही माझा संशय माझ्यासोबत खुर्ची ओढून बसतो. हे म्हातारे डोळे मिटून क्रूसाबद्दल गातात, रक्ताबद्दल गातात, नदीपलीकडच्या घराबद्दल गातात, आणि गाणं संपलं की बिअर मागवतात. एकदा मी दाताच्या डॉक्टरांना विचारलं, तुमचा यावर विश्वास आहे का? ते घाबरून म्हणाले, "नाही नाही. चाल चांगली आहे." मला राग आला होता. वडिलांनी ज्या गाण्यावर डोळे पुसले त्याची नुसती चाल चांगली?

शिवाय ती टोपी. टोपी बघून माणूस ओळखायची सवय आपल्याला काही आजची नाही. महाराष्ट्रात टोपीचा रंग सांगितला की माणसाचं मत कोणाला जाणार हे सांगता येतं. अमेरिकेच्या बातम्यांत सभांमध्ये झेंडे हलवणारी, एका हातात बायबल उंच धरणारी माणसं मी पाहतो, तेव्हा त्यांच्याही डोक्यावर बऱ्याचदा हीच टोपी दिसते. ते स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात आणि मीही. आमच्यातला कोण चुकतोय हे शोधायला मी बातम्या बघत राहतो. भारतातल्या बातम्यांत मी ज्या बाजूला असतो, त्याच्या नेमक्या उलट्या बाजूला अमेरिकेच्या बातम्यांत जाऊन पडतो. भारतात आम्ही थोडे म्हणून भ्यायचं, आणि त्यांच्याकडे ते पुष्कळ म्हणून मी भ्यायचं. त्यापेक्षा इथल्या निवडणुका बऱ्या. पांढरे हातमोजे घातलेली माणसं गाडीतून हात हलवतात, स्वतःचं नाव ओरडतात आणि निघून जातात. वचनच देत नाहीत, तर मोडणार काय?

त्या दुकानात एक अमेरिकनही यायचा. साठीचा, उंच, गळ्यात लाल रुमाल, आवाज तळघरातून आल्यासारखा खोल. सगळ्यांत सुंदर तोच गायचा आणि म्हणून सगळ्यांत जास्त संशय मला त्याचाच. एकदा मी सरळ विचारलं होतं, तुम्ही मत कोणाला देता? तो म्हणाला, "हा प्रश्न कोणी विचारू नये म्हणून तर मी एवढ्या लांब आलो." मी मनात नोंद केली. सरळ प्रश्नाला वाकडं उत्तर.

लग्नाच्या आधी हॉलात एक रंगीत तालीम असते. कुठे उभं राहायचं, कधी वळायचं, बापाने मुलीला कुठवर आणून सोडायचं. ज्या वाटेवरून आणायचं, तिला इथे नवरीच्या कौमार्यावरून एक इंग्रजी नाव ठेवलं आहे; मी मुलीचा बाप असल्याने ते उच्चारत नाही. काळ्या सुटातली, कानात यंत्र घातलेली एक मुलगी आम्हाला इंचाइंचाने हलवत होती. मग बाजूचं दार उघडलं आणि पांढरा झगा घातलेला पाळक आला.

तो ग्योतोकुचा अमेरिकन होता. लाल रुमालाच्या जागी क्रॉस.

त्यानेही मला ओळखलं. एक भुवई वर गेली आणि खाली आली. पुढचा अर्धा तास आम्ही दोघं एकमेकांना आयुष्यात प्रथमच भेटतोय असं वागलो. बायकोने पिशवीतून मंगळसूत्र काढलं. आमच्याकडे मंगळसूत्रात वाटीच्या जागी क्रॉस असतो आणि पाळकाने तो आशीर्वाद देऊन मग घालायचा असतो. यंत्रवाली मुलगी गोंधळली, तिच्या कार्यक्रमात हे नव्हतं. अमेरिकनाने ते दोन्ही हातांत घेतलं, कोणी घालायचं, आधी अंगठी की आधी हे, सगळं नीट विचारून घेतलं. बायको खूश. मी म्हटलं, गायक आहे, नाटक येणारच.

पुढच्या शनिवारी मी त्याला दुकानात गाठलं. म्हातारे अजून यायचे होते. तो गिटारच्या तारा जुळवत होता. मी कॉफीसुद्धा मागवली नाही. म्हटलं, "तुम्ही खरे पाळक आहात का?"

"होतो," तो म्हणाला. "पंधरा-सोळा वर्षं. दक्षिणेकडच्या एका लहान गावात माझी मंडळी होती."

"मग?"

"आधी लोक प्रवचन ऐकायला यायचे. मग मी कोणत्या पुढाऱ्यासाठी प्रार्थना केली आणि कोणासाठी नाही, हे ऐकायला यायला लागले. दोन्हीकडचे. उपासना संपल्यावर दारात उभा राहून मी हात पुढे करायचो, आणि आज कोण हात देत नाही ते बघायचो. एक दिवस लक्षात आलं, की मी प्रार्थना करताना देवाकडे बघतच नाही, बाकांकडे बघतो."

दारातला तो हात मला फारच ओळखीचा वाटला आणि म्हणूनच मी सावध झालो. माणूस आपल्याला हवं तेच सांगायला लागला की समजावं, काहीतरी गळ्यात मारतोय.

"आणि विश्वास?" मी विचारलं.

त्याने एक तार पिळली, वाजवून पाहिली, पुन्हा पिळली. "तो राहिला नाही. तुम्हाला खोटं सांगता आलं असतं. पण तुम्ही मुलीचे वडील आहात."

चोर पकडायला जावं आणि त्याने स्वतःहून दोन्ही हात पुढे करावेत, तशी माझी पंचाईत झाली. मी चिडून म्हटलं, मग वेदीसमोर उभं राहून ते शब्द कशाला उच्चारता?

"सगळे उच्चारतो," तो म्हणाला. "एकही गाळत नाही. बाकीचे गाळतात, कारण ऐकणाऱ्यांना कळत नाही. माझा विश्वास गेला म्हणून मी गाण्यातलंही कडवं गाळत नाही." मग गिटार बाजूला ठेवून म्हणाला, "हवं तर हॉलला सांगून बदलून मागा. दुसरा एक आहे. ऑस्ट्रेलियन, इंग्रजी शिकवतो. फोटोत माझ्यापेक्षा बरा दिसतो."

"त्याला बायबल वाचता येतं का?"

"उघडता येतं."

हसू आलं ते मी दाबलं. म्हटलं, मला विचार करू द्या. तो म्हणाला, "करा. तुमचा अधिकार आहे."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती हादरेल. ती कुकरच्या शिट्ट्या मोजत होती. म्हणाली, "आपल्या लग्नात पाळकसाहेब तीन वेळा जांभई देत होते. मी विचारलं का त्यांना, तुमचा विश्वास शाबूत आहे का म्हणून?" मग गॅस बंद करून माझ्याकडे वळली. "पोरीला सांगू नका. तिचे हे दिवस नासवू नका." तिच्या आवाजात विनवणी होती, आणि ती मला क्वचितच विनवते.

मी सांगितलं. सांगितल्याशिवाय मला झोपच आली नसती. लेक ऑफिसातून येताना स्टेशनवर भेटली, आम्ही कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, कॉफी घेतली आणि बाहेरच्या बाकावर बसलो. मी म्हटलं, तुमचा पाळक देव मानत नाही. त्याने स्वतः सांगितलं मला.

"शित्तेरु," ती म्हणाली. म्हणजे, माहीत आहे.

"काय माहीत आहे?"

"पहिल्याच मीटिंगला त्याने आम्हाला सांगितलं. चालत नसेल तर दुसरा घ्या म्हणाला. म्हणून तर आम्ही त्यालाच घेतलं, पप्पा. दुसरा नुसता स्माइल करत होता."

म्हणजे सगळ्यांना माहीत, आणि मी मात्र हेरगिरी करत फिरलो. मला ते लागलं. मी म्हणालो, अशा लग्नाला काय अर्थ आहे, तूच सांग. तो मानत नाही, मुलगा मानत नाही, मुलाच्या घरचे मानत नाहीत. मग तिथे आहे कोण मानणारं?

तिने कपाचं झाकण नखाने उचकटलं. मग मराठीत बोलली, आणि ती मराठीत बोलते तेव्हा शब्द शोधून बोलते. "तो काय मानतो ते सोडा. मी तिथे हो म्हणणार आहे. देवासमोर म्हणून म्हणणार आहे. माझं हो तुम्हाला खरं वाटतं का?"

याला एकच उत्तर होतं आणि ते ताबडतोब द्यायचं होतं. मी तिच्याकडे बघितलं. कानात इअरफोन घालून उपासनेला बसणारी ती मला दिसली. मी म्हणालो, "बघू."

आपल्याकडे आई-बाप बघू म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, हे जपानात वाढलेल्या मुलीलाही कळतं. ती उठली. झाकण प्लास्टिकच्या डब्यात टाकलं, कप कागदाच्या डब्यात टाकला आणि माझी वाट न बघता चालायला लागली. त्यानंतर लग्नापर्यंत ती माझ्याशी छान बोलायची. जेवलात का, औषध घेतलं का, सूट नीट बसतो का. ते छान बोलणं मला नको होतं, पण बघू हा शब्द मी परत घेतला नाही. पाळक बदलूनही मागितला नाही. काय करायचं तेच ठरत नव्हतं.

लग्नाच्या दिवशी काचेच्या देवळात ऊन भरलं होतं. मी लेकीचा हात धरून त्या वाटेवरून चाललो. हातमोज्यातून तिची बोटं गार लागत होती. ठरलेल्या ठिकाणी मुलगा उभा होता. त्याने मला इतकं वाकून वंदन केलं की फोटोवाल्याला थांबावं लागलं. मी तिचा हात त्याच्या हातात दिला आणि पहिल्या बाकावर बायकोशेजारी जाऊन बसलो. अमेरिकनाने सुरुवात केली. जपानी वाक्य, मग इंग्रजी वाक्य. पित्याचं नाव घेतलं, पुत्राचं घेतलं, पवित्र आत्म्याचं घेतलं. खरंच एकही शब्द गाळला नाही. मी गाळलेला शब्द शोधत बसलो होतो, म्हणून सांगू शकतो.

मग तो एक वाक्य जपानीत बोललाच नाही. नगरला आमच्या उपासनेत तो प्रश्न असतो, पण इथल्या हॉलांमध्ये तो विचारत नाहीत. मंगल प्रसंगी कोणाला कशाला घाबरवा. त्याने तो नुसता इंग्रजीत विचारला. या दोघांच्या विवाहाला कोणाची काही हरकत असेल, तर त्याने आता बोलावं, नाही तर कायमचं गप्प राहावं. मुलाकडच्या मंडळींना कळलं नाही. ती तशीच हसऱ्या चेहऱ्याने बसून राहिली. अमेरिकनाने पुस्तकातून डोळे काढले आणि माझ्याकडे पाहिलं. तो घाईत नव्हता. विचार करा म्हणाला होता, आणि केलेला विचार सांगायला त्याने मला जागा करून दिली होती. बायकोने माझ्या कोटाची बाही धरली.

लेक पाठमोरी होती. तिने वळून पाहिलं नाही. पण तिचे खांदे वर आले, आणि तिने मुलाचा दंड असा घट्ट धरला की त्याच्या कोटाला चुण्या पडल्या. लहानपणी भूकंपाचा धक्का बसला की ती टेबलाचा पाय असाच धरायची, आणि मी तिच्यावर ओणवा होऊन, काही नाही, काही नाही, आत्ता थांबेल, म्हणत राहायचो. त्या भरल्या देवळात तिला एकाच माणसाची भीती होती, आणि तो मी होतो.

मी तोंड मिटून बसून राहिलो. अमेरिकनाने पान उलटलं.